तख्ताशेजारचा रेसिडेंट

कोलकात्याच्या मैदानावरील ज्या उंच मनोऱ्याला आज शहीद मिनार म्हणतात, त्याचे नाव १९६९ पर्यंत ऑक्टरलोनी मॉन्युमेंट असे होते. ज्याच्या स्मरणार्थ तो १८२८ मध्ये उभा राहिला, त्या सर डेव्हिड ऑक्टरलोनीचा अंत मात्र त्याच्याच सरकारने केलेल्या मानभंगात झाला होता.

ऑक्टरलोनीचा जन्म १७५८ साली अमेरिकेतील बोस्टन येथे झाला. वडील स्कॉटिश वंशाचे दर्यावर्दी होते. विशीच्या उंबरठ्यावर तो कंपनीच्या बंगाल फौजेत दाखल झाला. ११ सप्टेंबर १८०३ रोजी लॉर्ड लेकने शिंद्यांच्या फौजेचा पराभव करून दिल्ली घेतली आणि शहाआलम बादशहाच्या दरबारी रेसिडेंट म्हणून ऑक्टरलोनीची नेमणूक झाली. १७८८ मध्ये गुलाम कादिराने या बादशहाचे डोळे काढले होते. महादजी शिंद्यांनी त्या क्रूरकर्म्याला देहदंड देऊन अंध बादशहाला पुन्हा तख्तावर बसविले होते. आता बादशहा तोच राहिला, पालक तेवढे बदलले. रेसिडेंटने नजराणा द्यावा, दरबारी रिवाज पाळावेत आणि फौज, वसूल व शहराचा बंदोबस्त मात्र कंपनीच्या हाती असावा, अशी ही व्यवस्था होती.

पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १८०४ मध्ये, यशवंतराव होळकरांनी दिल्लीला वेढा घातला. तटबंदी जीर्ण आणि शिबंदी तुटपुंजी असूनही ऑक्टरलोनी व कर्नल बर्न यांनी शहर राखले. बादशहाने ऑक्टरलोनीला नासिर-उद्-दौला हा किताब दिला. आपल्याला अंकित करणाऱ्याचाच गौरव करण्याची पाळी तैमूरच्या वंशजावर आली होती.

१८०६ मध्ये दिल्ली सुटल्यावर नेपाळच्या युद्धाने त्याची कीर्ती वाढविली. १८१५ मध्ये मलौन येथे त्याने अमरसिंह थापांना नमविले आणि १८१६ च्या सुगौलीच्या तहापर्यंत मोहीम नेली. १८१८ मध्ये तो दिल्लीस परतला तो जवळजवळ मुघल अमीर होऊनच. हुक्का, हिंदुस्थानी पोषाख, नाचगाणे या साऱ्यांत तो रमला. त्याच्या तेरा बिब्या तेरा हत्तींवरून रोज संध्याकाळी फिरावयास निघत, ही दंतकथा दिल्लीत पुढेही सांगितली जाई. त्याच्या बेगमांत प्रमुख असलेली मुबारक बेगम मूळची पुण्याकडील ब्राह्मण कुळातली नर्तकी होती, असे सांगतात. तिच्या नावाची १८२३ ची मशीद हौजकाझी भागात आहे. जुलै २०२० मधील पावसात तिचा एक घुमट कोसळला.

या रंगतदार तपशिलांमुळे ऑक्टरलोनीकडे दोन संस्कृतींचा दुवा म्हणून पाहण्याचा मोह होतो. परंतु त्याची रसिकता खरी असली तरी तिने कंपनीच्या कारभारात तसूभरही फरक पडला नाही. बादशहाचा पोषाख अंगावर चढविणे आणि बादशहाची सत्ता कमी करणे या दोन्ही गोष्टी एकच माणूस निर्वेधपणे करू शकत होता. परक्याची चाल आवडणे वेगळे आणि त्याचा हक्क मानणे वेगळे.

पुढे या राज्ययंत्राचा अनुभव ऑक्टरलोनीलाही आला. १८२५ मध्ये भरतपूरचा राजा वारला. ऑक्टरलोनीने ज्याचा वारसा मान्य केला होता, त्या बालराजा बलवंतसिंहाला बाजूस सारून दुर्जनसालाने सत्ता बळकावली. दिलेला शब्द राखण्यासाठी ऑक्टरलोनीने स्वतःच्या जबाबदारीवर जाहीरनामा काढला व फौज जमविली. गव्हर्नर जनरल लॉर्ड ॲमहर्स्टने हे सारे रद्द ठरविले. वृद्ध सेनानीने राजीनामा दिला आणि त्याच वर्षी जुलैत मीरत येथे त्याने प्राण सोडला. जानेवारी १८२६ मध्ये त्याच सरकारने भरतपूरचा किल्ला घेऊन त्याच बालराजाला गादीवर बसविले.

पन्नासेक वर्षे ज्या राज्ययंत्राची त्याने निष्ठेने सेवा केली, त्याला ना बादशहाविषयी ममता होती, ना आपल्या सेवकाविषयी. १८५८ मध्ये शेवटच्या मुघल बादशहाला त्याने रंगूनला धाडले. ऑक्टरलोनीच्या वाट्याला निदान मनोरा तरी आला, पण तोही मृत्यूनंतर.