दिवसा पेंगणारा राष्ट्राध्यक्ष: विल्यम हॉवर्ड टाफ्ट आणि स्लीप ॲप्निया

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे सरन्यायाधीश, ही दोन्ही पदे भूषवणारी आजवरची एकच व्यक्ती म्हणजे विल्यम हॉवर्ड टाफ्ट. पण अनेकांना त्यांची आठवण राहिली ती अवाढव्य शरीरामुळे. ते बाथटबात अडकल्याची गोष्ट आजही सांगितली जाते, तिला ठोस पुरावा मात्र नाही. त्यांच्या झोपेचे किस्से खरे आहेत.

टाफ्ट यांचा जन्म १५ सप्टेंबर १८५७ रोजी ओहायो राज्यातील सिनसिनाटीत झाला. वकील, न्यायाधीश, १९०१ मध्ये फिलिपिन्सचे गव्हर्नर, मग युद्धमंत्री अशा पायऱ्या चढत ते १९०९ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. तेव्हा त्यांचे वजन दीडशे किलोच्या घरात होते. समोरचा माणूस बोलत असताना त्यांचा डोळा लागे. ऑपेरात, उघड्या मोटारीत, इतकेच काय अंत्यविधीलाही ते झोपत. त्यांचे लष्करी सहायक आर्ची बट मोठ्याने खोकून त्यांना जागे करत. लोकांना हा आळस वाटे. खरे तर टाफ्ट कामसू होते.

रात्री ते घोरत आणि त्यांचा रक्तदाबही बराच वाढलेला होता. ही लक्षणे एकत्र पाहिली की आजच्या डॉक्टरांना स्लीप ॲप्नियाची शंका येते. या विकारात झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात आणि श्वासाची वाट बंद होते. शरीरातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, श्वास पुन्हा सुरू होतो. रात्रभर हेच चालते, पण झोपणाऱ्याला सकाळी त्यातले काही आठवत नाही. म्हणून घोरणे मध्येच थांबून मग धाप लागल्यासारखा श्वास येतो का, हे शेजारी झोपणाऱ्यानेच पाहायचे असते. सकाळी डोके दुखणे, तोंड कोरडे पडणे, रात्री वारंवार लघवीला उठणे हीदेखील लक्षणे आहेत. सडपातळ माणसालाही हा विकार होतो. खात्री करण्यासाठी डॉक्टर झोपेची तपासणी, म्हणजे स्लीप स्टडी, करायला सांगतात.

टाफ्ट यांच्या काळी यातले काहीच नव्हते. या विकाराचे वैद्यकीय वर्णन १९६५ मध्ये झाले, तर श्वासाची वाट हवेच्या दाबाने उघडी ठेवणारे सीपॅप यंत्र १९८१ मध्ये आले. त्यामुळे टाफ्ट यांचे निदान हा नंतरच्या डॉक्टरांनी जुन्या नोंदींवरून बांधलेला अंदाज आहे. पुढे जे घडले त्याने मात्र त्याला बळ मिळते.

१९१२ ची निवडणूक ते वाईट रीतीने हरले. पद सोडल्यावर वर्षभरातच त्यांनी २७ किलोंहून अधिक वजन उतरवले आणि दिवसाची ती झोप गेली. रक्तदाबही खाली आला. १९२१ मध्ये सरन्यायाधीश झाल्यावर त्यांनी न्यायालयाचे तुंबलेले काम मार्गी लावले आणि न्यायालयाला स्वतःची इमारत मिळावी म्हणून खटपट केली. फेब्रुवारी १९३० मध्ये प्रकृतीमुळे त्यांनी पद सोडले आणि ८ मार्चला त्यांचे निधन झाले. ती इमारत १९३५ मध्ये पूर्ण झाली.