युद्धाचा शोध कोणी लावला?

माणूस म्हटला की भांडण आलंच, आणि भांडण वाढलं की युद्ध, असं आपण धरूनच चालतो. पण युद्ध खरंच आपल्या रक्तात आहे का? अमेरिकेत हा प्रश्न नेटाने विचारला मार्गारेट मीड यांनी.

त्यांचा जन्म १६ डिसेंबर १९०१ रोजी फिलाडेल्फियाला झाला. वडील अर्थशास्त्राचे प्राध्यापक. कोलंबिया विद्यापीठात फ्रांझ बोआस यांच्याकडे त्या मानववंशशास्त्र शिकल्या आणि १९२५ साली, वयाच्या २३व्या वर्षी, थेट सामोआ बेटांवर अभ्यासाला गेल्या. १९२८च्या पुस्तकाने त्यांचं नाव घरोघरी पोचलं. पुढे न्यू गिनीत त्यांना सौम्य आरापेश आणि आक्रमक मुंडुगुमोर असे दोन समाज दिसले. माणसाचा स्वभाव बराचसा संगोपनातून घडतो, हे त्यांचं मत तिथे पक्कं झालं.

१९४० साली युरोप पेटलेला असताना त्यांनी एक छोटा लेख लिहिला. मुद्दा साधा: लिपी किंवा विवाह यांसारखाच युद्ध हाही माणसाने लावलेला एक शोध आहे. एस्किमोंमध्ये मारामाऱ्या होत, खूनही पडत, पण टोळीने टोळीवर चालून जाणं नव्हतं. सिक्कीमच्या लेपचांकडेही युद्ध नव्हतं. उलट ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींची राहणी अगदी साधी, तरी त्यांना युद्ध ठाऊक होतं.

मग हा शोध टाकून का देत नाही? मीड यांचं उत्तर आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना लगेच पटेल. जुनी सिस्टीम कितीही वाईट असली तरी तेच काम करणारी नवी तयार होईपर्यंत ती बंद करता येत नाही!

त्यांच्यावर टीकाही खूप झाली. त्यांचे पूर्वीचे पती रिओ फॉर्च्यून यांनी १९३९ साली आरापेशांच्या लढायांवरच लेख लिहिला. पुढे केनियातल्या नाटारुकला सुमारे १०,००० वर्षांपूर्वी मारल्या गेलेल्या माणसांचे सांगाडे सापडले; ते संशोधन २०१६ साली प्रसिद्ध झालं. साउथ डकोटातल्या क्रो क्रीकला तर चौदाव्या शतकातल्या कत्तलीत बळी पडलेल्या जवळजवळ ५०० जणांचे अवशेष मिळाले, म्हणजे कोलंबस येण्याच्याही आधीचे. युद्ध फार जुनं आहे, हे यातून नक्की दिसतं. पण जुनं म्हणजे जन्मजात नव्हे.

मीड १५ नोव्हेंबर १९७८ रोजी न्यूयॉर्कमध्ये वारल्या. मुलं इतिहासाच्या पुस्तकातून लढायांच्या सनावळ्या पाठ करतात, तेव्हा मला वाटतं, मीड यांचा प्रश्नही त्यांच्या कानावर घालावा. जे माणसाने शोधलं, त्याला पर्यायही माणूसच शोधू शकतो.