काचपट्टीवरचा कर्करोग ओळखणारे डॉ. पापानिकोलाऊ

1913 साली जॉर्ज पापानिकोलाऊ हा तिशीचा ग्रीक डॉक्टर पत्नी अँड्रोमाकीसह न्यूयॉर्कच्या बंदरात उतरला. अथेन्सची वैद्यकीय पदवी आणि म्युनिकची डॉक्टरेट त्याच्याकडे होती. पैसे आणि इंग्रजी जेमतेम. सुरुवातीला त्याने दुकानात गालिचे विकले, उपाहारगृहात व्हायोलिन वाजवले. अँड्रोमाकी कपड्यांना बटणे शिवायची.

पुढे कॉर्नेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात काम मिळाले, तेही गिनीपिगवर. मादीचे बीजांड नेमके कधी परिपक्व होते हे तिला न मारता कळायला हवे होते. पापानिकोलाऊंनी नाक तपासण्याच्या छोट्या उपकरणाच्या मदतीने योनीतला स्राव घेतला, काचेवर पसरला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. पाळीच्या चक्राबरोबर पेशींचे रूप बदलताना दिसले. हेच स्त्रियांमध्ये घडते का, हे पाहण्यासाठी अँड्रोमाकीने वर्षानुवर्षे स्वतःचे नमुने दिले. या चाचणीच्या इतिहासात तिचे नाव नवऱ्याइतक्याच ठळक अक्षरांत हवे.

स्त्रियांचे नमुने तपासताना काही काचपट्ट्यांवर विचित्र पेशी आढळल्या. केंद्रक मोठे, गडद, वेडेवाकडे. त्या कर्करोगाच्या होत्या. 1928 साली त्यांनी हे एका परिषदेत मांडले, पण फारसे कुणी मनावर घेतले नाही. गर्भाशयमुखाचा तुकडा काढून तपासता येत असताना सुट्या पेशींवर भरवसा का ठेवायचा, असा सवाल होता. मात्र तुकडा काढायचा तर आधी संशय यावा लागतो, आणि तो येईपर्यंत अनेकदा उशीर झालेला असे. पापानिकोलाऊंची पद्धत काहीच त्रास नसलेल्या बाईलाही वापरता येत होती.

दहा-अकरा वर्षांनी स्त्रीरोगतज्ज्ञ हर्बर्ट ट्राउट यांची साथ मिळाली. न्यूयॉर्क हॉस्पिटलच्या स्त्रीरोग विभागात येणाऱ्या स्त्रियांचे नमुने सरसकट घेतले गेले. डोळ्यांना काहीच दिसत नसलेल्या अवस्थेतले कर्करोगही सापडू लागले. 1943 साली दोघांचे पुस्तक आले. त्यातली पेशींची चित्रे हाशिमे मुरायामा या जपानी चित्रकाराने काढली होती. पॅप चाचणी रूढ झाल्यावर पुढच्या काही दशकांत अमेरिकेत या कर्करोगाचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले.

पण एका काचपट्टीवर हजारो पेशी असतात आणि बिघडलेल्या कधीकधी बोटांवर मोजण्याइतक्याच. दिवसभर त्या शोधणारे डोळे थकतात, चुकतात. म्हणून 1950च्या दशकातच, पापानिकोलाऊ हयात असताना, अमेरिकेत ‘सायटोअ‍ॅनलायझर’ हे यंत्र बनवले गेले. ते केंद्रकाचा आकार आणि गडदपणा मोजत असे. मात्र एकमेकींवर चढलेल्या पेशींनाही ते रोगट समजे. खोट्या इशाऱ्यांमुळे तो प्रयत्न सोडून द्यावा लागला.

19 फेब्रुवारी 1962 रोजी पापानिकोलाऊ हृदयविकाराने गेले. 1995 साली अमेरिकेने मान्यता दिलेली ‘पॅपनेट’ ही प्रणाली आकार मोजून थांबत नव्हती. तिचे संगणकी न्यूरल नेटवर्क उदाहरणे पाहून शिकलेले होते. माणसाने निर्दोष ठरवलेली काचपट्टी ती पुन्हा पाही आणि सर्वांत संशयास्पद अशी 128 चित्रे पडद्यावर मांडी. त्यांतली खरोखर बिघडलेली पेशी कोणती, हे ठरवायला समोर तज्ज्ञच बसत असे.