दादासाहेबांची विखुरलेली रिळे

बदलापूरच्या बेलवलीतून सकाळची लोकल पकडून दादरला उतरणाऱ्या नोकरदाराला पूर्वेकडील दादासाहेब फाळके मार्ग हा केवळ पत्त्याचा एक भाग वाटतो. मात्र याच दादरमध्ये १९१२-१३ च्या सुमारास ‘राजा हरिश्चंद्र’ हा भारतातील पहिला पूर्ण लांबीचा कथापट आकाराला आला. त्याच्या निर्मात्याचे नाव रस्त्याला मिळाले, देशातील चित्रपटक्षेत्राच्या सर्वोच्च पुरस्कारालाही मिळाले. परंतु त्याने घडविलेल्या चित्रसृष्टीपैकी आज पडद्यावर पाहता येईल असे फारच थोडे उरले आहे.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय आणि बडोद्याचे कलाभवन येथे ते चित्रकला, छायाचित्रण आणि मुद्रणकला शिकले. गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रकाराचा व्यवसाय थाटला. पण प्लेगच्या साथीत पत्नी आणि मूल दगावल्याने तो मोडला. पुढे पुरातत्त्व खात्यातील नोकरी झाली. नंतर मध्य रेल्वेच्या याच मार्गावर, घाटापलीकडे लोणावळा परिसरात शिळामुद्रणाचे काम झाले. छपाईच्या धंद्यातही भागीदारांशी न पटल्याने चाळिशीच्या उंबरठ्यावर फाळके पुन्हा मोकळेच होते.

१९११ साली गिरगावातील एका चित्रपटगृहात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. पडद्यावर राम-कृष्णही असेच हलतेबोलते दिसू शकतील, या कल्पनेने त्यांना झपाटले. सतत चित्रपट पाहून आणि रात्रंदिवस अभ्यास करून त्यांची दृष्टी काही काळ अधू झाली. तरीही विम्याची पॉलिसी गहाण टाकून त्यांनी १९१२ च्या आरंभी लंडन गाठले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन ते परतले.

पुढचे सारे घरच्या बळावर झाले. कच्च्या फितीच्या कडेला छिद्रे पाडण्यापासून ती रसायनात धुण्यापर्यंतची कामे पत्नी सरस्वतीबाई यांनी शिकून घेतली. त्याखेरीज साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच होता. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना, तेव्हा उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके यांना लुगडे नेसविण्यात आले. दत्तात्रय दामोदर दाबके हरिश्चंद्र झाले, तर फाळके यांचा मुलगा भालचंद्र रोहिदास. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात चित्रपट प्रदर्शित झाला.

त्यानंतर फाळके नाशिकला गेले. ‘मोहिनी भस्मासुर’, ‘लंका दहन’, ‘श्रीकृष्ण जन्म’ अशी चित्रपटांची रांग लागली. १९१८ मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली आणि १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांची मुलगी मंदाकिनी बाळकृष्ण झाली. भागीदारांशी मात्र येथेही जमले नाही. मधल्या काळात फाळके काशीला जाऊन राहिले, परतले, पुन्हा कामाला लागले. १९३१ साली चित्रपट बोलू लागला आणि त्यांचे युग संपले. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव बोलपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे, प्रसिद्धीपासून दूर, त्यांचे निधन झाले.

बोलपट आल्यावर मूकपटांना बाजारात किंमत उरली नाही. ज्या नायट्रेटच्या फितीवर ते छापलेले असत, ती भडकन पेट घेई आणि न पेटल्यास उष्ण, दमट हवेत कुजून जाई. शिवाय फितीतील चांदी काढून घेण्यासाठीही अनेक रिळे नष्ट करण्यात आली. भारतात तयार झालेल्या सुमारे तेराशे मूकपटांपैकी आज तिसाच्या आतच पूर्ण वा तुटक स्वरूपात उरले आहेत.

१९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, तेव्हा फाळके यांना जाऊन वीस वर्षे झाली होती. संग्रहालयाचे पी. के. नायर यांनी फाळके कुटुंबीयांचा माग काढला. त्यांच्याकडे जपून ठेवलेले ‘कालिया मर्दन’चे सुटे तुकडे हाती आले, पण त्यांचा क्रम कोणता, हे फितीवरून कळेना. तेव्हा खुद्द फाळके यांची टिपणे उपयोगी पडली. त्या आधारे तुकडे जुळविले गेले आणि मूळच्या सुमारे सहा हजार फुटांपैकी जवळपास साडेचार हजार फूट चित्रपट पुन्हा सलग पाहता येऊ लागला.

आसामातही असेच घडले. ज्योतिप्रसाद आगरवाला यांनी १९३५ साली अहोम काळातील एका राजकुलीन स्त्रीच्या बलिदानावर ‘जयमती’ हा पहिला असमिया चित्रपट काढला. त्यात त्यांना मोठी आर्थिक झळ सोसावी लागली. त्याची उरलेली रिळे सत्तरच्या दशकात कुटुंबाकडेच सापडली आणि भूपेन हजारिका यांनी ती आपल्या माहितीपटात गुंफली.

‘राजा हरिश्चंद्र’ला मात्र तेवढेही भाग्य लाभले नाही. त्याची पहिली आणि शेवटची रिळे उरली आहेत; पण त्यांवरही प्रश्नचिन्ह आहे. फाळके यांनी १९१७ साली हीच कथा नव्याने चित्रित केली होती आणि उपलब्ध रिळे त्या दुसऱ्या चित्रपटाची असावीत, असे काही अभ्यासकांचे मत आहे. ते खरे असेल, तर ३ मे १९१३ रोजी गिरगावकरांनी पाहिलेल्या चित्रपटातील एकही दृश्य आज हाती नाही.

पुण्याचे संग्रहालय २०२२ पासून राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा भाग आहे. दादासाहेबांचे जे काही तेथे जपले गेले आहे, त्यातील बरेचसे कोणा घरच्या माणसाने जुने डबे भंगारात न दिल्यामुळे वाचले. एखाद्या वाड्याच्या माळ्यावर असा गंजका डबा आजही असू शकेल. तो आचेपासून दूर ठेवावा, घरी उघडून पाहू नये आणि संग्रहालयाला कळवावे. त्यात काय निघेल, हे आधी कोणालाच सांगता येणार नाही.