लेकाच्या पुस्तकासाठी लेकींचे दागिने गहाण ठेवणारे रामजी सुभेदार

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पदव्या सगळ्यांना तोंडपाठ असतात. पण त्या पदव्यांचा पाया घरात घातला तो वडिलांनी, रामजी मालोजी सकपाळ यांनी.

मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं आंबडवे. रामजी लष्करात सुभेदार होते आणि इंदूरजवळच्या महू छावणीतल्या लष्करी शाळेचे मुख्याध्यापक. तिथेच 14 एप्रिल 1891 रोजी भीमरावांचा जन्म झाला. हे त्यांचं चौदावं अपत्य. निवृत्तीनंतर कुटुंब दापोलीला आणि पुढे साताऱ्याला आलं. साताऱ्यात आई भीमाबाई गेल्या. आत्या मीराबाईंनी पोरांना सांभाळलं.

शाळेत अस्पृश्य म्हणून भीमरावांना वेगळं बसावं लागे, बसायला गोणपाटाचा तुकडा घरून न्यावा लागे. तिथे जे मिळत नव्हतं ते रामजींनी घरी द्यायचं ठरवलं. ते कबीरपंथी. घरात रोज भजन व्हायचं, रामायण-महाभारताचं वाचन व्हायचं. इंग्रजी पक्कं व्हावं म्हणून ते हॉवर्डची इंग्रजी पुस्तकं आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला मुलाकडून करून घेत.

1904 च्या सुमारास बिऱ्हाड मुंबईत परळच्या चाळीत आलं. एकच खोली. त्यातच चूल, भांडीकुंडी, सरपण आणि माणसं. अभ्यासाला जागा कुठली? रामजींनी त्यावर तोड काढली. भीमरावांना लवकर झोपवायचं, स्वतः रात्री दोनपर्यंत जागायचं, मग मुलाला उठवून अभ्यासाला बसवायचं आणि त्याच्या जागेवर आपण आडवं व्हायचं.

मुलाचा ओढा अवांतर वाचनाकडे जास्त. आधी शाळेचा अभ्यास कर, असा वडिलांचा आग्रह असे. पण मागितलेलं पुस्तक त्यांनी नाकारलं नाही. महिन्याची पेन्शन अवघी 50 रुपये. पैसे संपले की ते मुंबईतच दिलेल्या लेकींकडे जात. उसने पैसे नसले तर लेक अंगावरचा दागिना काढून देई. तो गहाण पडे, पुस्तक घरात येई. पेन्शन हाती आली की दागिना सोडवून परत.

याची किंमत थोरल्या आनंदरावांनीही मोजली. दोघांचं शिक्षण झेपेना, म्हणून त्यांनी शाळा सोडून नोकरी धरली.

1907 साली भीमराव मॅट्रिक झाले. सत्कारात कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं. पुढे केळुसकरांच्याच खटपटीने बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची महिना 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि बी.ए. पार पडलं.

जानेवारी 1913 मध्ये भीमराव बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. थोड्याच दिवसांत वडील आजारी असल्याची तार आली. परतताना वडिलांसाठी मिठाई घ्यायला ते सुरत स्टेशनवर उतरले आणि गाडी चुकली. दुसऱ्या दिवशी घरी पोचले तेव्हा रामजी शेवटच्या घटका मोजत होते. लेकाच्या पाठीवरून हात फिरवून त्यांनी प्राण सोडला. तो दिवस 2 फेब्रुवारी 1913.

त्याच जूनमध्ये बडोदा संस्थानशी परदेशी शिक्षणाचा करार झाला. जुलैत भीमराव न्यूयॉर्कला पोचले, कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तिथे अभ्यासाला मोठं ग्रंथालय होतं आणि मध्यरात्री उठवणारं कुणी नव्हतं. तरी तासन् तास पुस्तकात डोकं घालून बसायची सवय परळच्या त्या खोलीतूनच सोबत आली होती.