संत जोसेफ कलासान्झ : गरिबांच्या मोफत शाळेचे जनक

ख्रिस्तसभा दरवर्षी 25 ऑगस्ट रोजी संत जोसेफ कलासान्झ ह्यांचे स्मरण करते. गोरगरिबांच्या मुलांसाठी रोम शहरात मोफत शाळा सुरू करणारे धर्मगुरू म्हणून ते ओळखले जातात. शाळा किती मोठी असावी, एका वर्गात किती मुले बसवावीत आणि एका संस्थेने किती शाळांचा भार उचलावा, हे प्रश्न आज आपल्या पालकसभांतून विचारले जातात. चारशे वर्षांपूर्वी हेच प्रश्न ह्या संतापुढे उभे राहिले होते.

जोसेफ ह्यांचा जन्म 1557 साली स्पेनमधील आरागॉन प्रांतात पेराल्ता दे ला साल ह्या गावी झाला. त्यांनी कायदा व ईशज्ञान ह्यांचे उच्च शिक्षण घेतले आणि 17 डिसेंबर 1583 रोजी त्यांना गुरुदीक्षा मिळाली. मायदेशी काही वर्षे सेवा केल्यावर 1592 साली ते रोमला आले. तेथे कार्डिनल मार्कांतोनियो कोलोन्ना ह्यांच्या वाड्यात त्यांची राहण्याची सोय झाली. मानमरातबाचे पद मिळवून स्वदेशी परतावे, असा त्यांचा मानस होता.

परंतु प्रभूची योजना निराळी होती. धर्मशिक्षण देणाऱ्या एका बंधुसंघाच्या कार्यानिमित्त ते रोमच्या गल्लीबोळांतून हिंडू लागले, तेव्हा रस्त्यावर दिवस घालवणारी शेकडो मुले त्यांच्या दृष्टीस पडली. फी भरण्याची ऐपत नसल्याने शाळेची दारे त्यांना बंद होती. ह्या मुलांना सामावून घ्यावे म्हणून जोसेफ ह्यांनी ठिकठिकाणी विनंत्या केल्या. पण कोणीही जबाबदारी स्वीकारीना. अखेर 1597 साली त्रास्तेवेरे भागातील सांता दोरोतेआ चर्चच्या आवारात त्यांनी स्वतःच मोफत शाळा सुरू केली. युरोपातील पहिली मोफत सार्वजनिक शाळा म्हणून ती गौरविली जाते. 1598 च्या नाताळात टायबर नदीला आलेल्या महापुरात हजारो कुटुंबे उघड्यावर पडली आणि शाळेची निकड अधिकच वाढली.

विद्यार्थ्यांची संख्या झपाट्याने वाढत गेली. जागा अपुरी पडू लागली की शाळा दुसऱ्या वास्तूत हलवावी लागे. अशा एका नव्या वास्तूत घंटा बसवताना जोसेफ उंचावरून पडले व त्यांचा पाय मोडला. 1612 साली शाळा सान पांतालेओ येथे स्थिरावली, तोवर विद्यार्थ्यांची संख्या हजाराच्या आसपास पोहोचली होती.

एवढ्या मुलांना एकत्र कोंबून शिकवणे जोसेफ ह्यांना मान्य नव्हते. त्यांनी मुलांची पात्रतेनुसार नऊ वर्गांत विभागणी केली. सर्वांत खालच्या वर्गात अक्षरओळख, त्यापुढे वाचन, मग लेखन व अंकगणित आणि वरच्या वर्गांत लॅटिन, अशी ती चढण होती. लवकर पोटापाण्यास लागणाऱ्या मुलांना हिशेब यावा, ह्याकडे त्यांचे विशेष लक्ष होते. शाळा सुटल्यावर शिक्षक मुलांना रांगेने घरापर्यंत पोहोचवीत. शाळा मोठी असली तरी प्रत्येक मूल कोणा एका गुरूच्या नजरेखाली राहावे, हे त्यामागचे सूत्र होते.

1617 साली पोप पॉल पाचवे ह्यांनी त्यांच्या संघाला मान्यता दिली आणि 1621 साली पोप ग्रेगरी पंधरावे ह्यांनी त्याला व्रतस्थ संस्थेचा पूर्ण दर्जा बहाल केला. पुढे इटलीतील अनेक शहरांतून, तसेच मोराव्हिया व पोलंडमधून शाळांसाठी मागण्या येऊ लागल्या. जोसेफ ह्यांनी पुष्कळ मागण्या नाकारल्या, तरी राजेरजवाडे व धर्माधिकारी ह्यांचा आग्रह प्रत्येक वेळी मोडता आला नाही. शाळा वाढल्या, मात्र त्या वेगाने शिक्षक घडले नाहीत. पुरेशा तयारीविना काहींना संस्थेत प्रवेश मिळाला आणि अंतर्गत कलह वाढले. 1642 साली वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी त्यांना चौकशीसाठी रोमच्या रस्त्यांतून नेण्यात आले. पुढील वर्षी त्यांच्या हातून संस्थेचा कारभार काढून घेण्यात आला. 1646 साली, सुमारे 500 सभासद असताना, पोप इनोसंट दहावे ह्यांनी संस्थेचा दर्जा काढून घेतला व तिची घरे स्थानिक बिशपांच्या अधिकाराखाली दिली.

जोसेफ ह्यांनी हे सर्व निमूटपणे सोसले. सहकाऱ्यांना धीर देत व शाळा चालू ठेवण्याची विनवणी करीत 25 ऑगस्ट 1648 रोजी त्यांनी देह ठेवला. पुढे 1656 साली संस्थेला पुन्हा मान्यता मिळाली आणि 1669 साली तिचा पूर्वीचा दर्जा परत आला. 1767 साली जोसेफ ह्यांना संतपद बहाल करण्यात आले. 1948 साली पोप पायस बारावे ह्यांनी त्यांना ख्रिस्ती लोकशाळांचे आश्रयदाते घोषित केले.

आपल्या देशाच्या 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक वर्गांत 30 मुलांमागे व उच्च प्राथमिक वर्गांत 35 मुलांमागे एक शिक्षक असावा, असे ठरवले आहे. ह्या आकड्यांमागील तळमळ संत जोसेफ ह्यांना नक्कीच समजली असती. आपल्या धर्मग्रामांतील काही शाळांपुढे प्रवेशासाठी रांगा लागतात, तर काही मराठी शाळांत पट घटत चालला आहे. तुकडी वाढवताना किंवा शाळा बंद करण्याचा विचार करताना आपण एक प्रश्न स्वतःला विचारला पाहिजे: ह्या निर्णयाने गरिबाचे मूल गुरूच्या नजरेच्या जवळ येईल की दूर जाईल? संत जोसेफ कलासान्झ ह्यांच्या मध्यस्थीने आपल्या शाळाचालकांना, शिक्षकांना व पालकांना योग्य उत्तर शोधण्याची कृपा लाभो, हीच प्रार्थना.