तऱ्हाळ्याची नाणी वाचणारा माणूस

असं एखादं रील तुम्हीही पाहिलं असेल. शेताच्या बांधावर एक जण मेटल डिटेक्टर फिरवतोय, मशीन वाजतं, तो खुरप्याने माती उकरतो आणि ढेकळातून हिरवी पडलेली नाणी निघतात. लगेच डोक्यात येतं, हे मशीन कितीला मिळतं? आपल्या वाशिमकडे हा किडा रीलच्याही आधीचा. पडक्या गढीत पुरलेला हंडा, त्यावर बसलेला नाग, अमावास्येला कुदळ घेऊन निघालेली माणसं... गुप्तधनाची एक तरी गोष्ट ऐकल्याशिवाय इथलं पोर मोठं होत नाही.

आज भेटा अशा एका माणसाला, ज्याने जमिनीतून निघालेली नाणी आणि ताम्रपट वाचण्यात आयुष्य घातलं. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी. आपल्याच जिल्ह्यातल्या एका खेड्यातली नाणी त्यांनी वाचली आणि इतिहासात तीन राजांची भर पडली.

मिराशी मूळचे कोकणातले. देवगड तालुक्यातल्या कुवळे गावी १३ मार्च १८९३ ला त्यांचा जन्म झाला. शिक्षण कोल्हापूर आणि पुण्यात, विषय संस्कृत. १९१९ मध्ये ते नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकवायला आले आणि कायमचे विदर्भाचे झाले. (मॉरिस म्हणजे आजची वसंतराव नाईक शासकीय कला व समाजविज्ञान संस्था.) संस्कृतच्या प्राध्यापकाने कालिदास शिकवायचा, तो त्यांनी शिकवलाच, १९३४ मध्ये कालिदासावर मराठीत पुस्तकही लिहिलं. पण त्यांना दुसरंही वेड लागलं होतं. या भागातल्या कोरीव लेखांची यादी रायबहादूर हिरालाल यांनी करून ठेवली होती. मिराशी त्याच वाटेने निघाले. दगडावरची, तांब्याच्या पत्र्यावरची, झिजलेल्या नाण्यावरची अक्षरं लावायची, चुकलेलं वाचन पुन्हा तपासायचं. वर्ग सांभाळून हे काम वर्षानुवर्षं चाललं.

आता १९३९ सालात या. मिराशी तेव्हा ४६ वर्षांचे होते आणि वाशिम अकोला जिल्ह्यात होतं; आपला जिल्हा वेगळा झाला तो १९९८ मध्ये. त्या वर्षी मंगरूळपीर तालुक्यातल्या तऱ्हाळा गावात नाण्यांचा एक मोठा साठा सापडला. सुमारे १६०० नाणी!

थांबा, डोळ्यांपुढे सोनं आणू नका. ही नाणी पोटीनची होती, म्हणजे तांबं, कथील आणि शिसं यांच्या मिश्रणाची. एका बाजूला सोंड वर केलेला हत्ती आणि कडेने ब्राह्मी अक्षरं. दुसऱ्या बाजूला बेरजेच्या चिन्हासारखी आकृती आणि तिच्या चार टोकांना चार वर्तुळं. याला उज्जैन चिन्ह म्हणतात. मोडीच्या भावाने विकायला गेलं तर हातात फारसं काही आलं नसतं. पण ती नाणी होती सातवाहनांची, जवळपास अठराशे वर्षांपूर्वीची.

ती वाचणं मात्र सोपं नव्हतं. या नाण्यांचा ठसा मोठा आणि धातूची चकती लहान. त्यामुळे राजाचं अख्खं नाव एका नाण्यावर मावतच नाही. एकावर नावाची सुरुवात दिसते, दुसऱ्यावर मधली दोन अक्षरं, तिसऱ्यावर शेवट, आणि चौथ्यावर नुसता हत्ती. एकच नाणं हातात आलं असतं तर जाणकारालाही खात्रीने काही सांगता आलं नसतं. ढीग समोर असला की तुकड्याला तुकडा जोडता येतो, जिगसॉ पझलसारखा. मिराशींनी तेच केलं आणि १९४० मध्ये नाणकशास्त्र परिषदेच्या नियतकालिकात त्याची माहिती छापली.

ढिगात सातकर्णी, पुळुमावी, यज्ञ सातकर्णी अशी ओळखीची नावं निघाली. त्यांच्यासोबत आणखी तीन नावं निघाली: कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी आणि शक सातकर्णी. पुराणांमध्ये सातवाहन राजांच्या याद्या आहेत, पण त्यांत हे तिघे नाहीत. यांनी राज्य केलं, स्वतःच्या नावाची नाणी पाडली आणि नंतर जग त्यांना विसरून गेलं. त्यांची साक्ष द्यायला उरली ती तऱ्हाळ्याच्या मातीतली नाणी.

आता कल्पना करा. सापडल्या दिवशीच गावात ही नाणी वाटली गेली असती तर? चार पोरांच्या खिशात, चाळीस सराफाच्या मुशीत, बाकी बाजारात. धातू कुठे ना कुठे उरला असता, पण ते तीन राजे पुन्हा नाहीसे झाले असते. साठ्याची खरी किंमत असते ती तो एकत्र असण्यात आणि कुठे सापडला हे माहीत असण्यात. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला नहपान राजाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. कोण जिंकलं, ते त्या ढिगाने सांगितलं. त्यातलं सुटं एक नाणं एवढं सांगू शकलं नसतं.

१९३९ सालीच खुद्द वाशिममध्ये आणखी एक गोष्ट उजेडात आली: वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट. त्याच्या राज्याच्या ३७व्या वर्षी वत्सगुल्माहून दिलेल्या गावाच्या दानाचा तो कागद, म्हणजे खरं तर तांब्याचा पत्रा. वत्सगुल्म म्हणजे आपलं वाशिम. वाकाटकांची एक स्वतंत्र शाखा इथून राज्य करत होती, हे त्यातून कळलं. मिराशींनी हा ताम्रपट अभ्यासला, मग आजिंठ्याच्या १६ क्रमांकाच्या लेण्यातला लेख नव्याने वाचला. या शाखेचा मूळ पुरुष सर्वसेन. त्याचं नाव आधीच्या वाचनात निसटलं होतं, ते आता जागेवर बसलं. हा सर्वसेन ‘हरिविजय’ या प्राकृत काव्याचा कवी. आपण रोज बस पकडतो ते गाव कधीकाळी एका कवी-राजाची राजधानी होतं, हे असं कळलं.

मिराशी थांबले नाहीत. १९४१ मध्ये त्यांना महामहोपाध्याय पदवी मिळाली. वाकाटकांच्या सगळ्या लेखांचा त्यांचा मोठा ग्रंथ १९६३ मध्ये आला, तेव्हा ते ७० वर्षांचे होते. १९७५ मध्ये पद्मभूषण मिळालं. सातवाहनांवरचा मराठी ग्रंथ १९७९ मध्ये आला, तेव्हा वय ८६. तऱ्हाळ्यानंतर चाळीस वर्षं झाली तरी ते त्या राजांची संगत सोडायला तयार नव्हते. ३ एप्रिल १९८५ ला त्यांचं निधन झालं.

आता तुमचा प्रश्न: मशीन घ्यायचं का? आधी कायदा बघा. १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत सापडलेल्या ठेव्याची किंमत दहा रुपयांच्या वर असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. कळवलं आणि मालकी सांगणारा कुणी निघाला नाही, तर सर्वसाधारणपणे तीन हिस्से शोधणाऱ्याला आणि एक हिस्सा जागेच्या मालकाला जातो. सरकारला तो ठेवा हवा असेल तर मोबदला देऊन ते घेऊ शकतं. लपवलं तर हिस्साही जातो आणि वर्षभराच्या तुरुंगवासाची शिक्षा होऊ शकते. संरक्षित स्मारकाच्या आवारात विनापरवाना खोदणं हा वेगळा गुन्हा. आणि गुप्तधनासाठी कुणी मांत्रिक, बळी असलं काही सांगू लागला, तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा त्यासाठीच आहे.

नांगरताना, पाया खणताना खरंच काही हाती लागलं तर नाणी चिंचेने घासू नका, वाटून घेऊ नका. सापडली ती जागा नीट लक्षात ठेवा, फोटो काढा आणि तहसीलला कळवा.

छंद हवाच असेल तर ब्राह्मी शिका. ‘क’ ब्राह्मीत कसा काढतात माहितीये? अगदी बेरजेच्या चिन्हासारखा. झालं, एक अक्षर आलं. बाकीची शिकून घ्या आणि पुढच्या वेळी संग्रहालयात गेलात की काचेपलीकडच्या एखाद्या मळकट नाण्यावरचं नाव स्वतः लावून बघा.